शैक्षणिक तंत्रज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण : शिक्षक व प्रशिक्षकांसाठी काही विचार

स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांच्या व तरुण शिक्षकांच्या उपयोगी पडेल असे काहीतरी लिहून द्या, असा मंडळाच्या कार्यकर्त्यांचा आग्रह होता. विषय शोधत बसावे लागले नाही. आपल्या समाजातील डी.एड., बी.एड. झालेली मुलेमुली, आय.टी.आय.मधील निदेशक, बचत गटांच्या प्रशिक्षणाचे काम करणाऱ्या भगिनी भेटतात, तेव्हा हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "सर, शैक्षणिक तंत्रज्ञानात पुढचे शिक्षण घ्यावे म्हणतो. फायदा होईल का?"

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. फायदा म्हणजे काय आणि शैक्षणिक तंत्रज्ञान म्हणजे काय, या दोन्ही गोष्टींचा उलगडा आधी व्हायला हवा. तो करण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे. प्रारंभी माझी स्वतःचीच एक चूक सांगतो, कारण हा विषय मला पुस्तकातून नव्हे, तर त्या चुकीतून समजला.

एक चूक आणि एक धडा

२०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या. मी तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो आणि सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेत पाचवीला शिकवीत होतो. "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" असे वातावरण होते. मीही रोज सकाळी उठून पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर गणिताचे व्हिडिओ पाठवू लागलो. किती जणांनी पाहिले ते मोजायचे, वहीत नोंद करायची आणि आपण आपले कर्तव्य केले, असे समाधान मानायचे. काही पाड्यांवर रेंजच नव्हती. ज्यांच्या घरी फोन होता, त्यांचा फोन सकाळीच बापाबरोबर केळीच्या बागेत जात होता. तरीही व्हिडिओ जात होते आणि माझी वही भरत होती.

त्याच शाळेत एक तरुण शिक्षिका होत्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी व्हिडिओ फारसे पाठविले नाहीत. आठवड्यातून एकदा त्या प्रत्येक मुलाच्या घरी एक कागद पोहोचवीत. कागदावर चार सोडविलेली उदाहरणे, मग सहा न सोडविलेली आणि पाठीमागे उत्तरे. पुढच्या आठवड्यात जुना कागद परत घ्यायचा, चुका पाहायच्या आणि त्या मुलासाठी नवा कागद त्या चुकांवरून तयार करायचा. मला तेव्हा वाटले, या बाई फार जुन्या पद्धतीने चालल्या आहेत.

शाळा पुन्हा भरल्यावर मी दोन्ही वर्गांच्या मुलांना फळ्यावर एक वजाबाकी दिली : ३०२ वजा १४७. माझ्या वर्गातील बऱ्याच मुलांनी उत्तर लिहिले २४५. बाईंच्या वर्गातील बहुतेकांचे उत्तर १५५ आले, तेच बरोबर होते. मी खट्टू झालो. बाई म्हणाल्या, "सर, तुमच्या व्हिडिओत मुलाला काही करायचेच नव्हते. तुम्ही पाठवले, त्याने पाहिले. त्याचे चुकले कुठे, हे तुम्हाला कळणार कसे?"

नंतर समजले की, नोकरी सांभाळून बाईंनी दूरशिक्षणाने शैक्षणिक तंत्रज्ञानाची पदव्युत्तर पदविका पूर्ण केली होती. आमच्या शाळेत तंत्रज्ञान शिकलेली व्यक्ती कागद वाटत होती आणि न शिकलेला मी व्हिडिओ वाटत होतो. या विरोधाभासातच आजच्या विषयाचे सार आहे.

शैक्षणिक तंत्रज्ञान म्हणजे यंत्रे नव्हेत

तंत्रज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर संगणक, प्रोजेक्टर, टॅब्लेट अशा वस्तू येतात. परंतु या विषयात तंत्रज्ञान या शब्दाचा अर्थ अधिक व्यापक आहे. शिकणाऱ्याला आज काय येते ते तपासणे, उद्या त्याला काय करता आले पाहिजे ते नेमकेपणाने ठरविणे, मधला रस्ता लहान लहान पायऱ्यांत आखणे, त्यासाठी योग्य साधन निवडणे आणि शेवटी तो पोहोचला की नाही हे पडताळून पुन्हा आखणीत सुधारणा करणे, या सर्व शिस्तबद्ध कामाला शैक्षणिक तंत्रज्ञान म्हणतात. साधन हा त्यातील केवळ एक भाग होय. ते साधन खडू असेल, काड्यांचा गठ्ठा असेल किंवा संगणकही असेल.

आपल्या खानदेशात याचे उदाहरण फार जवळ आहे. तापी ओलांडली की अमळनेर. तेथील प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ साली शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९३० साली सत्याग्रहात उतरण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. या सहा वर्षांत ते वसतिगृहाची जबाबदारीही सांभाळीत आणि मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढीत. पुढे त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिकही चालविले. लेखणी व कागद यांखेरीज दुसरे कोणते साधन होते? परंतु मुलांना रोज काय वाचायला मिळाले म्हणजे त्यांची दृष्टी वाढेल, याचा विचार त्यामागे होता. विचार आधी आणि साधन नंतर, हा क्रम गुरुजींनी कधी उलटा होऊ दिला नाही.

यंत्रे आली आणि गेली

हा क्रम उलटा झाला की काय होते, ते गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासात दिसते. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने भारतातील सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. 'साइट' या नावाने तो ओळखला जातो. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, पण त्या प्रयोगामुळे देशभर नवी उमेद निर्माण झाली. १९८४ साली पुण्यात राज्याची बालचित्रवाणी ही संस्था सुरू झाली. तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर पाहिलेली एक पिढी आज पालक आहे. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी दूरदर्शनवर वर्ग सुरू केले. निवडक शाळांत संगणक देण्याची केंद्र सरकारची योजनाही त्याच सुमारास सुरू झाली. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी म्हणून 'एज्युसॅट' हा उपग्रह अवकाशात सोडण्यात आला.

यातील प्रत्येक प्रयत्नात प्रामाणिक माणसे होती आणि काही कामे उत्तमही झाली. तरीपण आपल्या कित्येक शाळांत काय घडले, ते जुन्या शिक्षकांना विचारा. दूरदर्शन संच आला, त्यावर भरतकाम केलेला रुमाल आला, कपाटाला कुलूप लागले आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात गेली. पुढे संगणक आले, त्यांच्यावरही प्लास्टिकचे आवरण चढले. बालचित्रवाणी २०१७ साली बंद झाली. आज त्याच कपाटात टॅब्लेट पडून असल्याचे दिसते. वीज नाही, दुरुस्तीला पैसे नाहीत ही कारणे खरीच आहेत. पण त्याहून मोठे कारण असे की, हे साधन नेमक्या कोणत्या अडचणीवर वापरायचे, हे शिक्षकाला कोणी सांगितले नव्हते आणि त्याला कोणी विचारलेही नव्हते.

अमेरिकेतील रिचर्ड क्लार्क या अभ्यासकाने १९८३ साली या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला आणि फार मार्मिक दाखला दिला. माध्यम हे माल वाहणाऱ्या गाडीसारखे असते. गाडीतून धान्य येते, पण माणसाचे पोषण धान्याने होते, गाडीने होत नाही. आपल्या चोपडा, यावल, रावेरच्या वाचकांना हे सहज पटेल. केळी दिल्लीला कोणत्या ट्रकने गेली यावर तिची गोडी ठरत नाही. ट्रक वेळेवर पोहोचला नाही तर केळी खराब होते, एवढे मात्र खरे. क्लार्क यांच्या मताला पुढे रॉबर्ट कोझ्मा यांच्यासारख्या अभ्यासकांनी आव्हान दिले. काही माध्यमांत अशा गोष्टी करता येतात ज्या इतरांत करता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. हा वाद अजून मिटलेला नाही. पदव्युत्तर वर्गात विद्यार्थ्याला या दोन्ही बाजू वाचाव्या लागतात आणि आपल्या वर्गाच्या अनुभवावर घासून पाहाव्या लागतात.

या अभ्यासात नेमके काय शिकवितात?

संस्थेनुसार अभ्यासक्रम वेगवेगळे असतात, पण गाभा बहुतांशी सारखा असतो. पहिला भाग अध्ययनाच्या मानसशास्त्राचा. १९५३ साली बी. एफ. स्किनर हे मानसशास्त्रज्ञ आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले. काही मुलांचे उदाहरण लगेच सुटले आणि ती नुसती बसून राहिली, काही अडली ती अडलेलीच राहिली, आणि बरोबर की चूक हे कोणालाच त्या क्षणी कळत नव्हते. त्यातून त्यांनी शिकविण्याचे यंत्र व क्रमान्वित अध्ययनाची पद्धती मांडली. मजकुराचे छोटे तुकडे, प्रत्येक तुकड्यावर प्रश्न आणि लगेच उत्तराची पडताळणी. भारतात १९६०च्या दशकात या पद्धतीवर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील शिक्षणशास्त्राच्या प्रगत अध्ययन केंद्रात महत्त्वाचे काम झाले. अमळनेरहून सुरतेची गाडी धरली की बडोदे काही फार लांब नाही.

ही पद्धती आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले आणि राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू होते. त्या विद्यापीठाचे एखादे पाठ्यपुस्तक उघडून पाहा. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मध्ये मध्ये स्वयंअध्ययनाचे प्रश्न, शेवटी सारांश. शेतात काम करून रात्री कंदिलाखाली वाचणाऱ्या माणसाला शिक्षक जवळ नसतानाही शिकता यावे, म्हणून ती रचना मुद्दाम केलेली असते. वीज न लागणारे शैक्षणिक तंत्रज्ञान ते हेच.

दुसरा भाग अध्यापनाच्या आराखड्याचा. आपण बी.एड.ला पाठ टाचणात उद्दिष्टे लिहितो. "विद्यार्थ्यांना वजाबाकीचे आकलन होईल" असे लिहून मोकळे होतो. येथे शिकवितात की, आकलन झाले हे ओळखायचे कसे ते लिहा. "मधल्या स्थानी शून्य असलेल्या तीन अंकी संख्येतून विद्यार्थी हातच्याची वजाबाकी कागदावर बरोबर करील" असे उद्दिष्ट लिहिले म्हणजे शिक्षकाला पळवाट राहत नाही.

तिसरा भाग साधननिर्मितीचा : स्वाध्यायपत्रिका, ध्वनिफीत, छोटी चित्रफीत, संगणकावरील पाठ, ऑनलाइन वर्गाची मांडणी. चौथा भाग मूल्यमापन व संशोधनाचा, आणि अखेरीस एक प्रबंध किंवा प्रकल्प.

एक उदाहरण : ३०२ वजा १४७

हे सर्व कागदावरचे वाटू नये म्हणून माझ्या फळ्यावरील त्या वजाबाकीकडे पुन्हा वळू. माझ्या वर्गात २४५ हे उत्तर आले. एका मुलीने मात्र २५५ लिहिले होते. मी दोन्ही उत्तरांवर सारखीच लाल फुली मारली. ही माझी दुसरी चूक.

२४५ लिहिणाऱ्या मुलाने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालविले आणि पाच लिहिले. शून्यातून चार जात नाहीत, म्हणून चार लिहिले. त्याला हातचा घेणे म्हणजे काय, हेच उमगलेले नाही. २५५ लिहिणाऱ्या मुलीला मात्र हातचा कळतो. तिने बारातून सात घालविले, शून्याच्या जागी नऊ धरले, पण शतकाच्या घरातील तीनाचे दोन करायला ती विसरली. पहिल्याला काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे घेऊन मुळापासून सुरुवात करावी लागेल. दुसरीला शंभराचा गठ्ठा सोडून दाखविला, तीनपैकी एक गठ्ठा कमी झालेला तिने डोळ्यांनी पाहिला, की काम भागेल. दोघांना एकच व्हिडिओ दाखविणे म्हणजे ताप आणि मोडलेला हात यांवर एकच गोळी देण्यासारखे आहे.

मुलांच्या चुकांनाही नियम असतो, ही गोष्ट जगात अभ्यासली गेली आहे. १९७८ साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी वजाबाकीतील अशा चुकांची पद्धतशीर मांडणी प्रसिद्ध केली. त्यांनी 'बग्गी' नावाचा संगणकीय कार्यक्रमही तयार केला होता. त्यात संगणक मुलासारखी चूक करी आणि शिक्षकाने ती चूक कोणत्या विचारातून झाली हे ओळखायचे असे. संगणक मुलाला शिकवीत नव्हता, तो शिक्षकाला मुलाचे मन वाचायला शिकवीत होता. यंत्राचा याहून सुंदर उपयोग कोणता?

आपल्या तालुक्यात या कामाला आणखी एक पदर आहे. सातपुड्यातील पाड्यांवरचे मूल घरी पावरी, भिलोरी बोलते, गावातले मूल अहिराणी बोलते आणि पुस्तक प्रमाण मराठीत असते. मुलाचे गणित चुकले की प्रश्नाची भाषाच कळली नाही, हे वेगळे काढण्याची हातोटीही याच अभ्यासातून येते. मुंबई-पुण्यात तयार झालेला कोणताही सुंदर अॅप हे काम तुमच्यासाठी करून देणार नाही.

प्रशिक्षकांनाही हेच लागू आहे. आय.टी.आय.तील तारतंत्री विभागाचा निदेशक मोटारीची जोडणी स्वतः झरझर करून दाखवितो आणि म्हणतो, "बघितले ना? आता करा." कुशल कारागिराचे हात ज्या पायऱ्या नकळत ओलांडतात, त्या शिकाऱ्यासमोर एक एक करून मांडणे, धोक्याची पायरी वेगळी दाखविणे आणि प्रत्येकाला करून पाहायला लावणे, याला कार्यविश्लेषण म्हणतात. तंत्रनिकेतनांतील अध्यापकांसाठी भोपाळ येथील राष्ट्रीय तांत्रिक शिक्षक प्रशिक्षण व संशोधन संस्था अशा स्वरूपाचे काम करते. १९६५ साली स्थापन झालेली ही संस्था पश्चिम विभागासाठी असून महाराष्ट्र तिच्या कार्यक्षेत्रात येतो.

कोठे शिकता येईल?

आता व्यवहाराकडे वळू. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या जुहू परिसरात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग असून या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणात त्याचे नाव जुने आहे. आपल्या भगिनींनी त्याची अवश्य चौकशी करावी. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने, म्हणजे 'इग्नू'ने, शैक्षणिक तंत्रज्ञानाची पदव्युत्तर पदविका आणि एम.ए. शिक्षणशास्त्रात याच विषयाचा विशेष गट, असे दोन मार्ग तयार केले. नोकरी करणाऱ्यास ते सोयीचे आहेत. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये या विषयात पीएच.डी.चे संशोधन चालते. आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या क्षेत्रातून एम.एड. करणाऱ्यांना स्वतंत्र पदवी नव्हे, पण या विषयाची तोंडओळख होते. प्रबंधासाठी हाच विषय घेतल्यास तीच वाट पुढे नेता येते.

घरबसल्या चव घेऊन पाहायची असेल, तर केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या २०१७ साली सुरू झालेल्या व्यासपीठावर अनेक अभ्यासक्रम आहेत. शिकणे विनामूल्य, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क. पदव्युत्तर प्रवेशासाठी पैसे भरण्यापूर्वी असा एखादा अभ्यासक्रम शेवटपर्यंत पूर्ण करून पाहावा. तो आठ-दहा आठवडेही रेटता येत नसेल, तर दोन वर्षांचा विचार सबुरीने करावा.

सावधानतेच्या काही गोष्टी

विद्यार्थी मित्रांनो, जाहिरातींना भुलू नका. पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट, शैक्षणिक तंत्रज्ञानाची एम.ए. किंवा पदविका म्हणजे शिक्षक होण्याची पात्रता नव्हे. शाळेत लागण्यासाठी डी.एड., बी.एड. व शिक्षक पात्रता परीक्षा यांचे नियम वेगळे आहेत. ही पदवी त्यांची जागा घेत नाही.

दुसरी गोष्ट, दूरशिक्षणाच्या पदवीला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची त्या वर्षाची मान्यता आहे का, आणि त्या सत्रात प्रवेश सुरू आहेत का, हे आयोगाच्या व विद्यापीठाच्या अधिकृत माहितीत स्वतः पाहावे. दलालाच्या तोंडी शब्दावर विसंबू नये. एम.एड.सारख्या शिक्षक प्रशिक्षणाच्या पदव्यांना राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता लागते. २०१५ पासून एम.एड. दोन वर्षांचे झाले, पण २०२० च्या धोरणानंतर कालावधीचे नियम बदलत आहेत. म्हणून त्या वर्षीचे माहितीपत्रकच प्रमाण मानावे.

तिसरी गोष्ट, महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचे असेल तर शिक्षणशास्त्र विषयाच्या नेट परीक्षेत तंत्रज्ञानावरचा स्वतंत्र घटक असतो. त्यासाठी या अभ्यासाचा उपयोग होतो, पण नेट वेगळी द्यावीच लागते.

चौथी गोष्ट भाषेची. बहुतेक वाचनसाहित्य इंग्रजीत असते. घाबरून जाण्याचे कारण नाही. रोज दोन पाने शब्दकोश घेऊन वाचली तरी सहा महिन्यांत वाट मोकळी होते. मात्र "मराठीतून सगळे मिळेल" असे समजून प्रवेश घेऊ नका.

पाचवी गोष्ट, या क्षेत्रातही खोट्या गोष्टी फिरतात. माणूस वाचलेले दहा टक्के, ऐकलेले वीस टक्के, केलेले नव्वद टक्के लक्षात ठेवतो, असा तक्ता आपण कित्येक प्रशिक्षणांत पाहिला असेल. तो एडगर डेल यांच्या नावावर खपविला जातो. डेल यांनी १९४६ साली अनुभवांचा शंकू मांडला हे खरे, पण त्यांच्या शंकूत असे टक्के नव्हते. ते आकडे मागाहून कोणीतरी चिकटविले. पदव्युत्तर शिक्षणाने निदान "हा आकडा आला कुठून?" असे विचारण्याची सवय लागली पाहिजे. ती लागली नाही, तर पदवी भिंतीवर टांगण्याच्याच कामाची.

पैशाचा प्रश्न

आपल्या बहुसंख्य घरांत हा प्रश्न सर्वांत आधी येतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज महाराष्ट्रात 'महाडीबीटी'वरून करावा लागतो. बौद्धांना केंद्राच्या पातळीवर अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या, म्हणून केंद्रीय संस्थेत अर्ज करताना जातीचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आहे ना, हे आधी तपासावे. शेवटच्या दिवशी धावपळ करून काम होत नाही. घर सोडून शिकणाऱ्यांसाठी राज्याची स्वाधार योजना आहे, परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. प्रत्येकीच्या अटी व उत्पन्नमर्यादा त्या त्या वर्षी पाहाव्यात. नोकरीत असलेल्या शिक्षकाचे उत्पन्न बहुधा मर्यादेबाहेर जाते. त्याने दूरशिक्षणाचाच मार्ग धरणे शहाणपणाचे.

मग हे शिक्षण कोणी घ्यावे?

केवळ नावापुढे आणखी एक पदवी लागावी म्हणून घेऊ नये. संगणक चालविता यावा म्हणूनही घेऊ नये, ते काम छोट्या वर्गात होते. ज्याच्या मनात आपल्या वर्गातील एखादा प्रश्न सलतो आहे, "हे इतके सांगूनही मुलांना का येत नाही?" असे ज्याला रात्री अंथरुणात वाटते, त्याने हे शिक्षण जरूर घ्यावे. तो प्रश्न बरोबर घेऊनच प्रवेशाचा अर्ज भरावा. दोन वर्षे प्रत्येक पुस्तक, प्रत्येक स्वाध्याय त्या प्रश्नावर तपासून पाहावा. असा विद्यार्थी कोणत्याही विद्यापीठातून रिकाम्या हाताने परत येत नाही.

२०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळालेले सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमुळे ते प्रसिद्ध झाले. पण साध्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकानेही विचार करून साधन घडवावे आणि जगाने त्याची दखल घ्यावी, हा त्यातील खरा बोध आहे. युनेस्कोने २०२३ साली शिक्षणातील तंत्रज्ञानावर जो जागतिक अहवाल प्रसिद्ध केला, त्याचाही सूर हाच की, साधन शिकणाऱ्याच्या हितासाठी वापरले जात आहे का, हे आधी विचारा. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन मिनिटभरात वजाबाकीची शंभर उदाहरणे तयार करून देते. परंतु त्या शंभरांपैकी २५५ लिहिणाऱ्या मुलीला कोणती चार द्यायची, हे सांगायला तिला ओळखणारा शिक्षकच लागतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे जॉन ड्यूई हे तत्त्वज्ञ त्यांचे गुरू होते. करण्यातून शिकणे आणि शिक्षणातून लोकशाही घडविणे हा ड्यूई यांच्या विचाराचा गाभा. बाबासाहेबांनी आयुष्यभर त्या गुरूंचे ऋण मानले. पुढे त्याच बडोद्याच्या विद्यापीठात या विषयाचे भारतातील सुरुवातीचे काम व्हावे, हा योगायोगच. शिष्यवृत्तीच्या पैशाने शिकलेल्या माणसाने समाजाला काय परत द्यावे, हे आपल्याला वेगळे सांगण्याची गरज नाही.

शेवटी मंडळाला एक विनंती. पुढील वर्षी एखादा संगणक भेट द्यावा असा विचार असेल, तर अवश्य द्या. पण त्यासोबत आपल्या अभ्यासिकेत दर रविवारी दोन तरुण शिक्षकांना बसवा आणि मुलांच्या वह्यांतील चुका गोळा करून त्यांची वर्गवारी करण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा. त्या वह्यांतून जो प्रश्न निघेल, तो घेऊन त्यांच्यापैकी एकाला किंवा एकीला पुढील शिक्षणासाठी पाठवा. मी स्वतः निवृत्तीनंतर हेच काम करतो आहे. लाल फुली मारण्याआधी आता मी मुलाला विचारतो, "बाळा, हे तू कसे केलेस, मला सांग बरे." चाळीस वर्षे फुल्या मारल्यानंतर मला हा प्रश्न सुचला. आपल्या तरुण शिक्षकांना तो पहिल्याच वर्षी सुचावा, हीच सदिच्छा.